गुलाबी कागदावरचे ‘फ्री स्पीच’

गुलाबी कागदावर छापलेले वृत्तपत्र म्हटले की मुंबईच्या वाचकाला शेअर बाजाराचे भाव आठवतात. अमेरिकेतील टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहरात १८९१ च्या सुमारास गुलाबी कागदावर छापलेले एक साप्ताहिक विकले जात असे. त्या रंगामागचे कारण मात्र अगदी वेगळे होते. या साप्ताहिकाच्या ग्राहकांपैकी अनेकांना अक्षरओळखच नव्हती. ते गावातल्या विक्रेत्याकडे आपले पत्र मागत आणि काही विक्रेते त्यांच्या हाती भलतेच वृत्तपत्र देऊन पैसे घेत. निरक्षर ग्राहकाला आपले पत्र निदान रंगावरून ओळखता यावे, म्हणून संपादकांनी ते गुलाबी कागदावर छापायला सुरुवात केली. घरी नेलेला अंक कोणीतरी वाचून दाखवी आणि भोवतालची मंडळी ऐकत. त्या पत्राचे नाव होते ‘फ्री स्पीच’ आणि त्याच्या संपादक होत्या आयडा बी. वेल्स.

अमेरिकेच्या वृत्तपत्रसृष्टीत आज आयडा वेल्स यांचे नाव शोधपत्रकारितेच्या आद्य प्रवर्तकांमध्ये घेतले जाते. परंतु त्यांच्या चरित्राकडे आणखी एका अंगाने पाहता येते. ज्यांच्यापाशी भांडवल नाही, जाहिराती नाहीत आणि सत्तेचा आश्रयही नाही, अशा समाजाचे मुद्रित साहित्य कशाच्या बळावर जगते, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या आयुष्यात सापडते. चर्चच्या सभागृहात, शिक्षकांच्या साहित्य मंडळात, महिलांच्या मेळाव्यात आणि वाचनालयातल्या बाकांवर ते साहित्य जगले. छापखाना जाळता येतो, मोडता येतो. पण भरलेली सभा मोडणे तितके सोपे नसते, हे आयडा यांनी अनुभवातून जाणले होते.

वडिलांच्या बैठकीतील वाचक

आयडा यांचा जन्म १६ जुलै १८६२ रोजी मिसिसिपी राज्यातील हॉली स्प्रिंग्ज या गावी झाला. आईवडील दोघेही गुलाम असल्याने त्याही जन्माने गुलामच होत्या. यादवी युद्धानंतर १८६५ मध्ये गुलामगिरी संपुष्टात आली. सुतारकामात निष्णात असलेले वडील जेम्स वेल्स नव्याने मिळालेल्या नागरिकत्वाबाबत अतिशय जागरूक होते. मुक्त झालेल्यांसाठी गावात निघालेल्या महाविद्यालयाच्या विश्वस्तांमध्ये ते होते. आई लिझी मुलांबरोबर शाळेत जाऊन बायबल वाचण्यापुरते शिकली.

वडील आणि त्यांचे मित्र जमले की छोट्या आयडाने त्यांना वृत्तपत्र वाचून दाखवायचे, असा शिरस्ता होता. कु क्लक्स क्लान या दहशतवादी संघटनेचे नाव तिच्या कानावर पडत असे. त्याचा पुरता अर्थ कळत नसला, तरी वडील रात्री सभेला गेले की आई काळजीने येरझाऱ्या घालते, हे तिला दिसत होते. छापील शब्द आणि भय यांचे नाते तिला असे बालपणीच उमगले.

१८७८ साली पीतज्वराच्या साथीत आईवडील आणि सर्वात धाकटा भाऊ दगावले. आयडा तेव्हा अवघ्या १६ वर्षांच्या होत्या. भावंडांना वेगवेगळ्या घरी वाटून द्यावे, असा विचार गावातल्या वडीलधाऱ्यांनी मांडला. आयडा यांनी त्याला ठाम नकार दिला, वय वाढवून सांगितले आणि खेड्यातल्या शाळेत शिक्षिकेची नोकरी धरली. काही वर्षांनी त्या मेम्फिसला आल्या. तेथे रेल्वेच्या महिलांच्या डब्यातून त्यांना बळजबरीने बाहेर काढण्यात आले, तेव्हा त्यांनी रेल्वे कंपनीवर खटला भरला. १८८४ मध्ये खालच्या न्यायालयाने त्यांना ५०० डॉलरची भरपाई मंजूर केली. १८८७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि उलट खर्चाचा भुर्दंड त्यांच्यावर टाकला. कायद्यावरील त्यांच्या श्रद्धेला बसलेला हा पहिला मोठा तडा.

शुक्रवारची सभा आणि हस्तलिखित पत्र

मेम्फिसमधील कृष्णवर्णीय शिक्षकांचे एक साहित्य मंडळ होते. दर शुक्रवारी संध्याकाळी ही मंडळी एका चर्चमध्ये जमत. काव्यवाचन होई, निबंध वाचले जात, वादविवाद रंगत आणि शेवटी ‘इव्हनिंग स्टार’ नावाच्या पत्राचे जाहीर वाचन होई. शहरातील घडामोडी, पुस्तकांविषयी टिपणे आणि थोडी थट्टामस्करी असे त्याचे स्वरूप असे. संपादक गाव सोडून गेल्यावर हे काम आयडा यांच्याकडे आले. त्या ते वाचू लागल्या आणि हळूहळू गर्दी वाढू लागली. पुढे एका बॅप्टिस्ट साप्ताहिकाच्या संपादकांनी त्यांना लिहिण्याचे निमंत्रण दिले. ‘आयोला’ या टोपणनावाने त्यांनी साध्या माणसांना कळेल अशा साध्या भाषेत लिहायला सुरुवात केली. ते लेख देशभरातील कृष्णवर्णीयांची वृत्तपत्रे पुनर्मुद्रित करू लागली.

या वृत्तपत्रांची परंपरा तेव्हाच ६० वर्षांची झाली होती. सॅम्युएल कॉर्निश आणि जॉन रसवर्म यांनी १८२७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘फ्रीडम्स जर्नल’ सुरू केले, ते अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या मालकीचे पहिले वृत्तपत्र. फ्रेडरिक डग्लस यांनी १८४७ मध्ये रॉचेस्टर येथून ‘नॉर्थ स्टार’ काढले. इतरांनी आपल्या वतीने बोलण्याचे दिवस संपावेत, ही या सर्व प्रयत्नांमागची प्रेरणा होती. अशा वृत्तपत्रांच्या संपादकांची राष्ट्रीय संघटना होती आणि १८८९ मध्ये आयडा तिच्या चिटणीस झाल्या.

त्याच वर्षी त्या ‘फ्री स्पीच अँड हेडलाइट’ या साप्ताहिकात एकतृतीयांश हिस्सा घेऊन दाखल झाल्या. नुसते लेखन त्यांना नको होते, मालकीतही वाटा हवा होता. ही अट किती मोलाची होती ते लवकरच दिसून आले. कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांची दुरवस्था त्यांनी पत्रात मांडली आणि १८९१ मध्ये शिक्षण मंडळाने त्यांची नोकरी काढून घेतली. उपजीविकेचे साधन गेले, पण पत्र स्वतःचे होते. आता पत्रावरच पोट चालवायचे होते. आयडा आगगाडीने मिसिसिपी, आर्कान्सा आणि टेनेसीतील गावोगाव हिंडू लागल्या. चर्चची सभा, मेसन बंधूंचे अधिवेशन, जिथे माणसे जमत तिथे त्या उभ्या राहत आणि वर्गणीदार नोंदवत. मिसिसिपीतील एका अधिवेशनातून बाहेर पडताना चांदीच्या डॉलरांच्या भाराने त्यांना चालणे अवघड झाले होते. वर्षभराच्या आतच खप सुमारे १,५०० वरून ४,००० च्या घरात गेला. गुलाबी कागद आला तो याच काळात.

तीन मित्रांची हत्या

९ मार्च १८९२ रोजी मेम्फिसमध्ये जे घडले, त्याने आयडा यांच्या आयुष्याला निर्णायक वळण दिले. टॉमस मॉस, कॅल्व्हिन मॅकडॉवेल आणि विल स्टुअर्ट या तिघा कृष्णवर्णीयांना झुंडीने तुरुंगातून बाहेर ओढून शहराबाहेर गोळ्या घातल्या. मॉस टपाल खात्यात पत्रे वाटण्याचे काम करीत आणि ‘पीपल्स ग्रोसरी’ या सहकारी तत्त्वावरील किराणा दुकानाचे भागीदार होते. समोरच्या गोऱ्या दुकानदाराचे गिऱ्हाईक त्यांच्या दुकानाकडे वळले होते. त्यातून कुरबुरी झाल्या, चकमक झाली आणि शेवट या हत्याकांडात झाला. मॉस आणि त्यांची पत्नी हे आयडा यांचे जिवलग स्नेही. त्यांच्या मुलीच्या त्या धर्ममाता होत्या.

झुंडीने कायदा हातात घेऊन केलेल्या हत्यांना अमेरिकेत ‘लिंचिंग’ म्हणतात. गोऱ्या स्त्रियांवरील अत्याचाराचा सूड म्हणून या हत्या होतात, असा समज दक्षिणेत पद्धतशीरपणे रुजवण्यात आला होता. तोवर आयडा यांनीही त्यावर काही अंशी विश्वास ठेवला होता. परंतु मॉस यांचा गुन्हा कोणता? चांगले दुकान चालवणे! या प्रश्नापाशी पत्रकार जागा झाला. एकेका घटनेचा त्या माग काढू लागल्या. घटनास्थळी जायचे, साक्षीदारांशी बोलायचे, गोऱ्यांच्याच वृत्तपत्रांतील बातम्या ताडून पाहायच्या, असा हा शिरस्ता होता. अनेक प्रकरणांत अत्याचाराचा आरोपच नव्हता, आणि जिथे होता तिथे पुष्कळदा परस्परसंमतीचे संबंध होते, असे त्यांना आढळले.

दरम्यान, ज्या शहरात आपल्या जिवाची हमी नाही ते शहर सोडा, असे आवाहन ‘फ्री स्पीच’ने केले. हजारो कृष्णवर्णीय कुटुंबकबिल्यासह पश्चिमेकडे निघून गेले. राहिलेल्यांनी शहरातील ट्रामवर बहिष्कार टाकला. ट्राम कंपनीचे अधिकारी संपादकांच्या कचेरीत येऊन प्रवासी कमी होण्याचे कारण विचारू लागले. ४,००० खपाच्या साप्ताहिकाची ही ताकद होती.

२१ मे १८९२ च्या अंकात आयडा यांनी एक छोटे संपादकीय लिहिले. अत्याचाराच्या आरोपाची ती जुनी सबब आता कोणालाच खरी वाटत नाही, असा त्याचा आशय होता. तेव्हा त्या फिलाडेल्फियाला एका चर्च परिषदेसाठी गेल्या होत्या. गोऱ्यांच्या वृत्तपत्रांनी लेखकाला जाहीर धमक्या दिल्या. २७ मे रोजी जमावाने कचेरीवर हल्ला करून छापखाना उद्ध्वस्त केला. भागीदार फ्लेमिंग यांना जीव वाचवून पळावे लागले. न्यूयॉर्ककडे निघालेल्या आयडा यांना वाटेतच ही बातमी कळली. मेम्फिसला परत आल्यास ठार करू, असा निरोपही पोचला. ‘फ्री स्पीच’ तेथेच संपले. त्यातील मजकूर आज आपल्याला ठाऊक आहे तो प्रामुख्याने इतर वृत्तपत्रांनी तो उद्धृत केला म्हणून.

लिरिक हॉलमधील रात्र

न्यूयॉर्कमध्ये टी. टॉमस फॉर्च्यून यांच्या ‘न्यूयॉर्क एज’ने त्यांना आसरा दिला. आयडा यांच्यापाशी आता एकच मालमत्ता उरली होती, ती म्हणजे ‘फ्री स्पीच’च्या वर्गणीदारांची यादी. ती देऊन त्यांनी ‘एज’मध्ये चौथा हिस्सा मिळवला. छापखाना गेला तरी वाचक शिल्लक होते आणि व्यवहारात त्यांनाच किंमत होती. २५ जून १८९२ रोजी ‘एज’ने त्यांचा सविस्तर लेख पहिल्या पानावर छापला. त्या अंकाच्या १०,००० प्रती काढण्यात आल्या. त्यांतील १,००० प्रती खुद्द मेम्फिसच्या रस्त्यांवर विकल्या गेल्या.

तो लेख वाचून न्यूयॉर्क आणि ब्रुकलिनमधील कृष्णवर्णीय महिला पुढे आल्या. व्हिक्टोरिया अर्ल मॅथ्यूज आणि मरीचा लायन्स या त्यांत अग्रभागी होत्या. चर्चमधून, घराघरांतून बैठका झाल्या, सुमारे २५० जणींची समिती उभी राहिली आणि ५ ऑक्टोबर १८९२ रोजी न्यूयॉर्कच्या लिरिक हॉलमध्ये मेळावा भरला. बोस्टन आणि फिलाडेल्फियाहूनही महिला आल्या होत्या. व्यासपीठामागे दिव्यांनी ‘आयोला’ हे नाव उजळले होते. कार्यक्रमपत्रिका ‘फ्री स्पीच’च्या छोट्या प्रतीसारखी छापली होती. मेम्फिसमध्ये मोडलेले पत्र त्या रात्री शेकडो हातांत पुन्हा दिसले, ते असे.

आयडा यांनी तोवर अनेक सभांतून बोलले होते, पण आपल्या दुःखाची कहाणी अशी भरसभेत सांगण्याचा प्रसंग प्रथमच आला होता. लिहून आणलेले भाषण वाचता वाचता मेम्फिसची आठवण अनावर झाली आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागले. आवाज मात्र त्यांनी ढळू दिला नाही. या अश्रूंबद्दल त्या स्वतःवर नाराज होत्या. श्रोत्यांवर मात्र त्यांचा खोल परिणाम झाला. त्या मेळाव्यातून ५०० डॉलर उभे राहिले. महिलांनी त्यांना लेखणीच्या आकाराचे सोन्याचे पदकही दिले.

त्या निधीतून ‘सदर्न हॉरर्स’ ही पुस्तिका १८९२ मध्येच प्रसिद्ध झाली. मागील आठ वर्षांत झुंडीने मारलेल्या ७२८ कृष्णवर्णीयांपैकी केवळ एकतृतीयांश जणांवर अत्याचाराचा नुसता आरोप होता, हे त्यांनी त्यात आकडेवारीनिशी मांडले. या पुस्तिकेला प्रकाशक मिळाला नसता. ती छापली गेली ती चर्चमध्ये जमलेल्या शिक्षिका, शिवणकाम करणाऱ्या आणि घर सांभाळणाऱ्या महिलांच्या पैशांतून. न्यूयॉर्क, बोस्टन आणि अन्य शहरांत पुढे जी महिला मंडळे निघाली आणि १८९६ मध्ये ज्यांची राष्ट्रीय संघटना झाली, त्या चळवळीचा एक आरंभबिंदू म्हणून इतिहासकार लिरिक हॉलच्या मेळाव्याकडे पाहतात.

जागतिक प्रदर्शनातील पुस्तिका

१८९३ मध्ये आयडा यांना ब्रिटनचे निमंत्रण आले. ते देणाऱ्या कॅथरिन इम्पी या क्वेकर बाई १८८८ पासून एक छोटे नियतकालिक चालवत होत्या. त्याचे नाव होते ‘अँटी-कास्ट’. वर्णभेदाला ‘जात’ हा शब्द लावणारे आणि अमेरिकेबरोबरच ब्रिटिश साम्राज्यातील भेदभावावर लिहिणारे हे पत्र होते. तेथील सभांमुळे अमेरिकेतील लिंचिंगची चर्चा सागरापार गेली.

त्याच वर्षी शिकागोत जागतिक कोलंबियन प्रदर्शन भरले होते. या प्रदर्शनाच्या निमित्ताने झालेल्या सर्वधर्म परिषदेतील स्वामी विवेकानंदांच्या भाषणामुळे ते भारतीयांना परिचित आहे. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या समाजाच्या प्रगतीला मात्र या प्रदर्शनात स्थान नव्हते. त्याचा जाब विचारणारी पुस्तिका काढायचे आयडा यांनी ठरवले. वयोवृद्ध फ्रेडरिक डग्लस, ‘कॉन्झर्वेटर’ या शिकागोतील कृष्णवर्णीयांच्या पहिल्या वृत्तपत्राचे संस्थापक फर्डिनांड बार्नेट आणि गारलंड पेन यांनी त्यात प्रकरणे लिहिली. निधी पुन्हा चर्चमधील रविवारच्या सभांतून उभा राहिला. परदेशी पाहुण्यांसाठी प्रस्तावना फ्रेंच आणि जर्मन भाषेतही छापली. डग्लस हैती देशाच्या दालनाचे प्रतिनिधी होते. त्याच दालनात मेज मांडून आयडा यांनी हजारो प्रती मोफत वाटल्या.

१८९५ मध्ये त्यांचे ‘अ रेड रेकॉर्ड’ हे मोठे पुस्तक आले. त्यातील आकडे ‘शिकागो ट्रिब्यून’ या गोऱ्यांच्या दैनिकाने संकलित केलेले होते. कृष्णवर्णीयांनी अतिशयोक्ती केली, असे म्हणायला जागाच राहू नये, हा त्यामागील विचार. १८९२ या एकाच वर्षी २४१ जणांची झुंडीने हत्या झाली आणि त्यांत १६० कृष्णवर्णीय होते, ही नोंद त्या पुस्तकात आहे. याच वर्षी त्यांचा फर्डिनांड बार्नेट यांच्याशी विवाह झाला. ‘कॉन्झर्वेटर’ची सूत्रे त्यांनी स्वतःकडे घेतली. माहेरचे आडनाव त्यांनी सोडले नाही. त्या आयडा वेल्स-बार्नेट झाल्या. तान्ह्या मुलाला सोबत घेऊन त्या व्याख्यानांच्या दौऱ्यावर जात.

स्टेट स्ट्रीटवरील वाचनालय

दक्षिणेतून शिकागोला येणाऱ्या कृष्णवर्णीय तरुणांना राहायला आणि बसायला जागा मिळत नसे. दारूचे गुत्ते तेवढे उघडे असत. १९१० मध्ये आयडा यांनी स्टेट स्ट्रीटवर ‘नीग्रो फेलोशिप लीग’चे वाचनालय सुरू केले. वृत्तपत्रे, पुस्तके, नोकरीची माहिती आणि दर आठवड्याला व्याख्याने असा तेथील क्रम होता. देणग्या आटल्या तेव्हा त्यांनी न्यायालयात परिवीक्षा अधिकाऱ्याची नोकरी धरली आणि तो पगार वाचनालयावर खर्च केला. १९२० मध्ये ते बंद झाले.

त्यांचा स्वभाव तडजोडीचा नव्हता. १९०९ मध्ये ज्या राष्ट्रीय संघटनेच्या स्थापनेत त्यांचा सहभाग होता, तिच्याशी त्यांचे फारसे जमले नाही. १९१३ मध्ये वॉशिंग्टनमधील मताधिकार मोर्चात कृष्णवर्णीय महिलांनी मागे चालावे, असे सांगण्यात आले. आयडा यांनी ते जुमानले नाही. त्या आपल्या राज्याच्या तुकडीत मधेच सामील झाल्या. वयाच्या साठीकडे झुकतानाही त्या वार्ताहरच राहिल्या. १९१९ मध्ये आर्कान्सातील एलेन येथे हत्याकांड झाले आणि उलट १२ कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनाच फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. आयडा नातेवाईक असल्याचे भासवून तुरुंगात गेल्या, त्यांच्याशी बोलल्या आणि त्यावर पुस्तिका लिहिली. कायद्याची लढाई इतरांनीही लढली. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय लागला आणि पुढे सर्वांची सुटका झाली.

अमेरिकेतील या संघर्षाचा महाराष्ट्राशी वैचारिक धागा जुना आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मधील ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला, तेव्हा त्या मुक्तीची फळे चाखणारी आयडा सुमारे ११ वर्षांची होती. मुक्तीनंतरही भय आणि भेद कसे टिकून राहतात, हे पुढे तिच्याच लेखणीने जगाला दाखवले.

अपुरे वाक्य

१९२८ मध्ये त्यांनी आत्मचरित्र लिहायला घेतले. आपल्या कार्याविषयी नव्या पिढीला काहीच माहीत नाही, ही खंत त्यामागे होती. २५ मार्च १९३१ रोजी शिकागोत त्यांचे निधन झाले, तेव्हा हस्तलिखित एका वाक्याच्या मध्यावरच थांबलेले होते. कन्या आल्फ्रेडा डस्टर यांनी ते अनेक वर्षे सांभाळले, संपादित केले आणि १९७० मध्ये शिकागो विद्यापीठाच्या प्रकाशन विभागाने ‘क्रुसेड फॉर जस्टिस’ या नावाने ते प्रसिद्ध केले.

त्यांच्या शहरात ती परंपरा मात्र खंडित झाली नव्हती. १९६७ मध्ये शिकागोतच कवी हाकी मधुबुती यांनी तळघरातील घरात एका जुन्या सायक्लोस्टाइल यंत्रावर ‘थर्ड वर्ल्ड प्रेस’ ही प्रकाशन संस्था सुरू केली. आधी माणसे जमवायची आणि मग त्यांच्या बळावर छापायचे, हा तिचाही मार्ग होता.

सन्मान उशिरा आले. २०१९ मध्ये शिकागोतील एका हमरस्त्याला त्यांचे नाव मिळाले. २०२० मध्ये मरणोत्तर विशेष पुलित्झर पुरस्कार जाहीर झाला. २०२१ मध्ये, परतल्यास ठार करू असे ज्या मेम्फिसने बजावले होते, तेथेच त्यांचा पुतळा उभा राहिला. लिंचिंगला संघराज्यीय गुन्हा ठरवणारा कायदा मात्र २०२२ मध्ये झाला. ‘सदर्न हॉरर्स’ छापले गेले त्याला तेव्हा १३० वर्षे लोटली होती.

स्वतंत्र वृत्तपत्राचा खरा मालक कोण, हा प्रश्न आजही पत्रकारितेत वारंवार विचारला जातो. आयडा वेल्स यांच्या चरित्राने त्याचे उत्तर केव्हाच दिले आहे. वाचता येत नसतानाही जो माणूस गुलाबी कागद पाहून आपलेच पत्र मागून घेत होता आणि त्यासाठी खिशातले नाणे मोजत होता, तोच त्या पत्राचा मालक होता.